जहाज मोडीत जाते, संकल्पचित्र तरी उरावे

कळंब हे मांजरा नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. तेथून समुद्र शेकडो मैल दूर आहे. गावातील बहुतेक शाळकरी मुलांनी जहाज पाहिले असेल ते पाठ्यपुस्तकात किंवा पडद्यावर. अशा गावच्या वाचकापुढे जहाजावरील शोभेच्या मोझॅकचा विषय मांडणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. त्यातही विषय खुद्द मोझॅकचा नसून, ते घडविण्यापूर्वी कलावंताने कागदावर केलेल्या रेखाटनाचा असेल, तर याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याला दोष देता येणार नाही. परंतु हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांना तालुक्या-तालुक्यांतून मुले बसतात. त्यांना स्थिरचित्र व स्मरणचित्र यांच्या जोडीला 'संकल्पचित्र' ही प्रश्नपत्रिकाही सोडवावी लागते. दिलेल्या आकारात, ठरावीक रंगांत, एखाद्या वस्तूच्या शोभेसाठी नक्षी योजायची, असे तिचे स्वरूप असते. जहाजाच्या दालनासाठी मोझॅक करणारा कलावंत आरंभी नेमके हेच करतो. फरक असतो तो आकाराचा आणि जबाबदारीचा. तेव्हा प्रश्न असा की, ज्या कागदावर मुलांची परीक्षा घेतली जाते, त्या कागदाला समाज म्हणून आपण काय किंमत देतो?

मोझॅक हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला तो फरशीमुळे. पांढऱ्या अथवा रंगीत सिमेंटमध्ये संगमरवराचे कण मिसळून, घासून गुळगुळीत केलेली ती फरशी. तिच्यातील कण विखुरलेले असतात. कोणत्याही कणाची जागा ठरलेली नसते. विश्वकोशी मराठीत ज्याला कुट्टिमचित्रण म्हणतात, त्या कलेत याच्या उलट प्रकार असतो. दगड, काच किंवा भाजलेली माती यांचा प्रत्येक तुकडा विशिष्ट जागी, विशिष्ट कलाने बसवावा लागतो, आणि हजारो तुकडे मिळून एक चित्र होते. साहजिकच येथे हात चालविण्याआधी विचार पूर्ण व्हावा लागतो. तैलरंगात चित्रकार एक रंग खरवडून दुसरा लावू शकतो. सिमेंटमध्ये रुतलेला तुकडा असा सहज बदलता येत नाही. म्हणून मोझॅकच्या बाबतीत संकल्पचित्र हे कामाचे आज्ञापत्रच असते.

या आज्ञापत्राची दोन रूपे असतात. पहिले लहान, प्रमाणात काढलेले रंगीत चित्र. ते पाहून काम देणारा संमती देतो. दुसरे प्रत्यक्ष भिंतीएवढे मोठे रेखाटन. पुष्कळदा मोझॅक कारखान्यात उलट्या पद्धतीने रचले जाते. मोठे रेखाटन कागदावर उलटे, म्हणजे आरशात दिसावे तसे, उतरवून घेतात. त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने तुकडे पालथे चिकटवितात. मग कागदाचे भाग पाडून त्यांना क्रमांक देतात, ते भाग ओल्या गिलाव्यावर दाबून बसवितात आणि कागद भिजवून सोलून काढतात. चित्र प्रकट होते, पण ज्या कागदावर ते उभे राहिले तो कागद त्याच क्षणी लगद्याच्या रूपाने केराच्या टोपलीत जातो. उरते ते लहान संकल्पचित्र. तेही कोणी जपले तर.

जहाजावर हे काम अधिक अवघड होते. इमारतीची भिंत स्थिर असते. जहाजाचा सांगाडा लाटांबरोबर वाकतो, यंत्रांमुळे सतत थरथरतो. एकसंध जडवलेले चित्र तेथे तडकण्याची भीती असते, म्हणून ते निरनिराळ्या फलकांत विभागावे लागते. शिवाय जहाजाच्या वरच्या मजल्यांवर दगडाचे ओझे वाढविणे त्याच्या तोलाला घातक. तेव्हा कलावंताला वजन, सांधे, दारे आणि खिडक्या यांचा हिशेब करूनच रेषा ओढावी लागते. अशा संकल्पचित्रात कला आणि अभियांत्रिकी एकाच कागदावर नांदतात. विद्यार्थ्याला शिकण्यासारखे असे दुसरे साधन क्वचितच सापडेल.

या कलेचा इतिहास म्हणजे हरवलेल्या गोष्टींची यादी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिसिली बेटावरील सिराक्यूज नगराचा राजा हायरॉन याने आर्किमिडीजच्या देखरेखीखाली एक प्रचंड जहाज बांधविले. त्यातील दालनांच्या जमिनीवर नाना रंगी दगडांच्या तुकड्यांत इलियडची संपूर्ण कथा चितारली होती, असे वर्णन अथीनिअस या ग्रीक लेखकाच्या ग्रंथात आहे. जहाज गेले, जमीन गेली, चित्रेही गेली. कोणता प्रसंग कोठे होता, कोणत्या कारागिराने किती दिवस तुकडे रचले, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. एका महाकाव्याचे चित्रण काही वाक्यांपुरते उरले.

दुसरे उदाहरण रोमजवळील नेमी सरोवराचे. सम्राट कॅलिग्युला याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्या सरोवरात दोन भव्य जहाजे तरंगविली होती. त्यांच्या जमिनीवर रंगीत दगड आणि काच यांचे जडावकाम होते. पुढे ती बुडाली. १९२८ ते १९३२ या काळात सरोवराचे पाणी उपसून ती बाहेर काढण्यात आली, संग्रहालय उभे राहिले, आणि १९४४ साली युद्धकाळात लागलेल्या आगीत दोन्ही जहाजे भस्मसात झाली. जडावकामाचा एक तुकडा पुढे न्यूयॉर्कमधील एका घरात चहाच्या मेजाचा पृष्ठभाग म्हणून वापरात असल्याचे आढळले. तो २०२१ साली नेमीच्या संग्रहालयात परत आला. या कहाणीतील बोधाची गोष्ट मात्र निराळीच आहे. जहाजे जळाली, तरी उत्खननाच्या वेळी घेतलेली मापे आणि काढलेले आराखडे शिल्लक होते. त्यांच्या आधारे एक-पंचमांश आकाराच्या प्रतिकृती तयार झाल्या. सम्राटाचे वैभव पाण्यात आणि आगीत गेले. ते आज समजते ते अभियंत्यांच्या कागदांमुळे.

विसाव्या शतकात प्रवासी जहाजे ही तरंगती कलादालने झाली. इटलीच्या 'आंद्रेआ दोरिया' या जहाजाची दालने त्या देशातील नामवंत चित्रकारांनी व शिल्पकारांनी सजविली होती. २५ जुलै १९५६ च्या रात्री त्याची दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते अटलांटिकच्या तळाशी गेले. सगळीच जहाजे अपघाताने जात नाहीत. बहुतेकांचा शेवट हिशेबाने होतो. १९६२ साली प्रवाशांच्या सेवेत आलेले 'फ्रान्स' हे जहाज त्या राष्ट्राच्या अभिरुचीचे प्रदर्शन मानले जाई. तेच जहाज नाव बदलून २००६ साली गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर तोडण्यासाठी आले, आणि २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर त्याचे तुकडे झाले. आपल्या नौदलाची पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' जतन व्हावी म्हणून महाराष्ट्रात केवढी कळकळ व्यक्त झाली! तरीही २०१४ साली मुंबईत तिच्यावर घाव पडू लागले. जिच्यावर एका युद्धाचा इतिहास कोरलेला होता, ती नौका वाचू शकली नाही. मग उपाहारगृहाच्या भिंतीवरील रंगीत तुकड्यांची कोणी आशा धरावी?

येथे कायद्याकडे वळावे असे कोणी सुचवील. भारतीय प्रतिमुद्राधिकार कायदा, १९५७ याच्या ५७ व्या कलमान्वये कलाकृतीच्या विटंबनेविरुद्ध दाद मागण्याचा हक्क कलावंताला आहे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनात घडविलेले ब्राँझचे विशाल भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकण्यात आले आणि त्यात त्याची नासधूस झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली त्याचे अवशेष सेहगल यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. परंतु त्याच न्यायालयाने २०१९ साली, पाडण्यात आलेल्या 'हॉल ऑफ नेशन्स' या वास्तूच्या प्रकरणात, मालकाने वास्तू समूळ पाडली तर वास्तुशिल्पकाराला हरकत घेता येत नाही, असे मत दिले. या दोन निवाड्यांमधील अंतर कायदेपंडितांनी मोजावे. सामान्य माणसाने त्यातून घ्यावयाचा अर्थ एवढाच की, मालकीची वस्तू मोडण्यापासून मालकाला रोखणे अवघड आहे. जहाज तर मोडण्यासाठीच म्हातारे होते. त्यावरील कलेचे जतन व्हायचे असेल, तर ते पोलादात शोधून चालणार नाही, कागदात शोधावे लागेल. तो कागद वाचविण्यास न्यायालयाची गरज नाही, मालकाच्या हक्काला धक्का नाही, आणि खर्च तर नाममात्र आहे.

टाकाऊ म्हणून दुर्लक्षिलेली वस्तू जपल्याने काय घडते, हे पाहण्यास धाराशिव जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पैठण आणि तगर येथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे व तगरहून तलम आणि जाडेभरडे कापड येई, अशी नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या प्रवासपुस्तिकेत आहे. म्हणजे समुद्र न पाहिलेल्या या मुलुखाचे कापड दोन हजार वर्षांपूर्वी जहाजांवर चढत होते. हे वैभव डोळ्यांना दिसते ते मात्र एका गावकऱ्यामुळे. शेतात, ओढ्याकाठी, पांढरीच्या टेकाडांत सापडणारी खापरे, मणी, मृण्मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमविल्या. ज्याला इतर लोक खापर म्हणत होते, त्याला त्यांनी पुरावा मानले. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेर येथे उभे आहे. दुहेरी साच्यातून काढलेल्या मृण्मूर्तींपासून तज्ज्ञ तेथील कारागिरीचा माग काढतात. संकल्पचित्र हाही एक साचाच आहे. फरक इतकाच की, भाजलेली माती दोन हजार वर्षे वाट पाहते. कागदाला वाळवी तितकी मुदत देत नाही.

चित्रातून जहाज परत उभे राहते, याचे ताजे उदाहरण तर मराठवाड्याच्याच भूमीतून आले आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकाच्या सुमाराचे एक जहाज रंगविलेले आहे. तशा जहाजांचे बांधकामाचे आराखडे कोठेही उरलेले नाहीत. सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातील एक जहाजबांधणी संस्था यांनी २०२३ साली करार करून त्या चित्राच्या आधारे, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेले जहाज बांधण्यास घेतले. केरळातील पारंपरिक कारागिरांनी ते शिवले, मद्रासच्या आय.आय.टी.त त्याच्या आकाराच्या चाचण्या झाल्या. 'कौंडिण्य' या नावाने ते २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. भिंतीवर कुंचला फिरविणाऱ्या त्या अनाम चित्रकाराने जहाजाचा आराखडा काढला नव्हता. त्याने केवळ पाहिलेले रंगविले होते. तरीही पंधराशे वर्षांनी अभियंत्यांना त्याच्याच दाराशी जावे लागले. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या संस्कृत ग्रंथात डोलकाठ्यांच्या संख्येनुसार जहाजाला पांढरा, तांबडा, पिवळा वा निळा रंग द्यावा आणि नाळेवर सिंह, हत्ती, महिष यांची मुखे बसवावीत, असे सांगितले आहे. म्हणजे जहाज सजविण्याचे शास्त्र आपल्याकडे होते. त्या शास्त्रानुसार केलेले एकही संकल्पचित्र हाती असते, तर 'कौंडिण्य'च्या नाळेवरील व्याल आणि शिडावरील गंडभेरुंड यांची योजना करताना केवढा आधार मिळाला असता!

या मुद्द्यावर काही आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप परंपरेचा. आपल्याकडे रांगोळी सकाळी घातली जाते आणि संध्याकाळपर्यंत पुसली जाते. तिचे कागद कोणी जपत नाही, मग मोझॅकचेच कौतुक का? वरवर हा युक्तिवाद बिनतोड दिसतो. परंतु रांगोळीचे संकल्पचित्र हरवत नाही. ठिपक्यांची संख्या आणि ओळींचा क्रम आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे जातो. दुसऱ्या दिवशी तीच रांगोळी पुन्हा उमटू शकते. तेथे जतनाचे काम स्मरण करते. एकाच जहाजासाठी, एकदाच केलेल्या मोझॅकला अशी परंपरा नसते. ज्या कलेला आठवणारे हात नाहीत, तिला कागदाचाच आधार द्यावा लागतो.

दुसरा आक्षेप असा की, संकल्पचित्र ही अर्धवट कृती. पूर्ण कृतीच्या मानाने तिला महत्त्व कसले? वस्तुतः निवडीचा सारा भार या तथाकथित अर्धवट कृतीवर असतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नव्या इमारतीतील पंचेचाळीस फुटी भित्तिचित्रासाठी डॉ. होमी भाभा यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी चित्रकारांकडून संकल्पचित्रे मागविली. त्यांतून पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांची निवड झाली. भिंतीला रंग लागण्यापूर्वी जो निर्णय झाला, तो कागद पाहूनच झाला. शिवाय पूर्ण झालेले चित्र फक्त विजेता दाखविते. काय सुचले होते, काय गाळले, कोणत्या अडचणीमुळे रेषा वळविली, हे संकल्पचित्रच सांगते. गणिताच्या शिक्षकाला केवळ उत्तर पुरत नाही, रीतही पाहावी लागते. कलेतील रीत संकल्पचित्रात असते.

तिसरा मुद्दा न्यायाचा आहे, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. मोझॅक एकट्याचे काम नसते. चित्रकार संकल्पना देतो; तुकडे कापणारे, रंग जुळविणारे, गिलावा धरणारे हात दुसऱ्यांचे असतात. उद्घाटनाच्या फलकावर पाहुण्यांची नावे येतात, फार तर चित्रकाराचे येते. कारागिरांचा उल्लेख कोठे असेलच, तर तो कामाच्या कागदांच्या समासात, रंगांच्या क्रमांकांशेजारी, मजुरीच्या टिपणात सापडतो. तो कागद फेकला की त्यांच्या श्रमाचा शेवटचा साक्षीदार जातो. ज्या महाराष्ट्रात श्रमाच्या प्रतिष्ठेवर एवढी व्याख्याने होतात, तेथे ही साक्ष जपणे हे व्याख्यानापेक्षा अधिक उपयुक्त ठरेल.

मग करावे काय? सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक शोभाकामाच्या करारात, ते जहाजावर असो, एस.टी. स्थानकात असो वा नगरपरिषदेच्या सभागृहात, एक अट घालावी. मंजूर संकल्पचित्र, रंगांचा व साहित्याचा तक्ता, आणि काम करणाऱ्या सर्वांची नावे यांच्या तीन प्रती सादर झाल्याखेरीज अखेरचे बिल निघू नये. एक प्रत मालकाकडे, दुसरी राज्याच्या कला संचालनालयाकडे आणि तिसरी त्या जिल्ह्यातील संग्रहालयात वा ग्रंथालयात राहावी. नाकारलेल्या संकल्पचित्रांनाही, कलावंताची संमती असल्यास, तेथे जागा मिळावी; आणि ज्यांच्याकडून ती मागविली, त्यांना त्यांचे मानधन मिळावे. फुकट मागितलेली वस्तू फुकट समजली जाते आणि फुकट समजलेली वस्तू फेकली जाते, हा कचेरीतील प्रत्येक कारकुनाच्या परिचयाचा क्रम आहे. याच कारकुनांच्या हाती ही व्यवस्था यशस्वी करण्याची किल्ली आहे. जी कचेरी सात-बाराचा उतारा आणि जन्ममृत्यूची नोंद पिढ्यान्पिढ्या सांभाळते, तिला एक सुरनळी सांभाळणे जड जाऊ नये.

उरली शाळा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचा आजचा ओढा दहावीच्या निकालात मिळणाऱ्या वाढीव गुणांकडे अधिक आहे. त्यात मुलांचा दोष नाही. गुणांखेरीज त्या कागदाचे दुसरे मोल त्यांना कोणी दाखविलेच नाही. पाने, फुले, त्रिकोण यांची पुनरावृत्ती करून चौकोन भरला की संकल्पचित्र झाले, असा समज रूढ झाला आहे. कशासाठी नक्षी, कोणत्या पृष्ठभागावर, कोण पाहणार, कोणते वजन, किती टिकाव, हे प्रश्न विचारले जात नाहीत. जहाजाच्या मोझॅकचे एखादे खरेखुरे संकल्पचित्र, त्यावरील मापांसह आणि खाडाखोडीसह, कळंबच्या वर्गात छापील प्रतीच्या रूपाने टांगले गेले, तर चित्रकला, भूमिती, भूगोल आणि इतिहास या चार तासांचे काम ते एकटे करील. चित्रकलेचा तास 'मोकळा तास' म्हणून दुसऱ्या विषयाला देऊन टाकण्याची सवय असलेल्या शाळांनाही मग त्या तासाचा पुनर्विचार करावा लागेल.

जहाजे बुडणार, जुनी होणार, मोडीत निघणार. त्यांच्यावरील काचेचे आणि दगडाचे तुकडे त्यांच्याबरोबर जाणार. काळाच्या या व्यवहारावर कोणाचा इलाज नाही. परंतु कलावंताने पहिल्यांदा विचार केला तो कागद मात्र हातात धरता येण्याजोगा असतो, घडी न घालता ठेवता येण्याजोगा असतो. तो ठेवायचा की रद्दीत घालायचा, एवढाच निर्णय समाजाच्या हाती आहे. तेरच्या खापरांच्या बाबतीत हा निर्णय एका माणसाने योग्य वेळी घेतला, आणि जिल्ह्याला त्याचा इतिहास मिळाला. संकल्पचित्रांच्या बाबतीत तो घेण्याची वेळ रद्दीवाला दाराशी येण्यापूर्वीची आहे.